पॉवर बँकेला बोल लावण्याआधी वायर बघा



मागे उन्हाळी वाळवणांवर लिहिलं होतं, तेव्हा बऱ्याच जणींनी कळवलं की घरात रोज हाताळतो त्या वस्तूंवर लिहीत जा. आज अशीच एक वस्तू घेतली आहे. तिच्याकडे आपण कधी लक्ष देत नाही. मोबाईल घेताना दहा दुकानं फिरतो, पॉवर बँक घेताना मुलाला चार वेळा विचारतो, पण त्या दोघांना जोडणारी वायर मात्र ड्रॉवरमधून हाताला लागेल ती उचलतो. मीही तेच करत होते. एका रात्रीनं माझे डोळे उघडले, म्हणून हा लेख.

गेल्या पावसाळ्यात आमच्या मोठ्या जाऊबाई अंगणात पाय घसरून पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. चिखलीहून त्यांना अकोल्याला हलवावं लागलं. मोठ्या भाऊजींना स्वतःलाच हृदयाचा त्रास, त्यामुळे ते घरीच राहिले. पुतण्या पुण्याहून रात्रीच्या गाडीनं निघणार होता. आमच्या ह्यांना दुकान बंद करून दुसऱ्या दिवशी यायचं होतं. त्या रात्री दवाखान्यात जाऊबाईंजवळ मी एकटीच.

सूर्यास्ताच्या आत डबा खाल्ला, तेव्हा फोन बावीस टक्क्यांवर होता. वॉर्डात दोन खाटांमध्ये एकच बोर्ड, आणि त्यात सलाईनचं यंत्र लावलेलं. म्हटलं, चिंता नाही, आपल्याजवळ पॉवर बँक आहे. दहा हजारवाली, घरून पूर्ण भरून आणलेली, चारही दिवे लागलेले. पिशवीतली वायर काढली, लावली, फोनवर विजेचं चिन्ह आलं. मी निर्धास्त झाले. तासभर णमोकार मंत्राचा जाप केला, मधून मधून नातेवाईकांचे फोन घेतले.

साडेनऊला बघते तर फोन चौदा टक्के! दोन-अडीच तास वायर लावून ठेवलेली आणि चार्जिंग वाढायच्या ऐवजी उतरलेलं. बँकेचे चारही दिवे जसेच्या तसे. मला वाटलं पॉवर बँकच बिघडली. वायर काढून परत लावली, फुंकर मारली, दुसऱ्या छिद्रात घातली. आपण करतो ते सगळं केलं.

अकराच्या सुमारास भूल देणारे डॉक्टर आले. सकाळी ऑपरेशन घ्यायचं ठरलं होतं. त्यांनी विचारलं, "काकू, यांना रोजच्या गोळ्या कोणत्या चालू आहेत? रक्त पातळ करण्याची गोळी आहे का?" जाऊबाईंना सांगता येईना, त्या औषधाच्या गुंगीत. भाऊजींनी संध्याकाळीच गोळ्यांच्या चिठ्ठीचा फोटो मला पाठवला होता. तो उघडायला गेले आणि फोन बंद पडला. भाऊजींचा नंबर तोंडपाठ नाही, पुतण्याचा नाही, कोणाचाच नाही. पूर्वी मला पंचवीस-तीस नंबर पाठ असायचे. आता सगळं त्या काळ्या पाटीच्या आत.

शेजारच्या खाटेजवळ एक कॉलेजातली मुलगी आजीसोबत होती. ती म्हणाली, "काकू, बँक चांगली दिसते, तुमची वायर बदलून बघा." तिनं स्वतःची वायर दिली. तीच माझी बँक, तोच माझा फोन, फक्त वायर तिची. पाच-सात मिनिटांत फोन सुरू झाला. अर्ध्या तासानं बघितलं तर तीस टक्क्यांच्या पुढे. फोटो डॉक्टरांना दाखवला. त्यात रक्त पातळ करण्याची गोळी होतीच. ऑपरेशन पुढे ढकललं, गोळी थांबवली, मग डॉक्टरांनी ठरवलेल्या दिवशी ते नीट पार पडलं. जाऊबाई आता वॉकर सोडून काठीवर आल्या आहेत.

मी फोटो दाखवला नसता तर डॉक्टरांनी ऑपरेशन केलं असतं असं मी म्हणत नाही. त्यांनी दुसरीकडून खात्री करून घेतली असती. पण ती वीस-पंचवीस मिनिटं मी जी घालवली, ती कुणाच्या वाट्याला येऊ नयेत. आणि कारण काय, तर ह्यांच्या दाढीच्या ट्रिमरसोबत आलेली वायर. बँकेची स्वतःची वायर नातू गाडीत लावायला घेऊन गेला होता. मी ड्रॉवरमधून "पिन बसते ना" एवढंच बघून दुसरी उचलली होती.

घरी आल्यावर मी ठरवलं की याचा हिशोब लावायचा. मी बी. कॉम. झालेली. चाळीस वर्षांत पदवीचा उपयोग किराणा, दूध आणि लग्नकार्याच्या खर्चापलीकडे फार झाला नाही, पण जमाखर्च मांडल्याशिवाय माझं समाधान होत नाही. ड्रॉवर उपडा केला. चौदा वायरी निघाल्या. त्यातल्या सहा जुन्या बारीक पिनच्या, ज्यांचे फोन कधीच मोडीत गेले. चार तुटक्या. सी-टाईपच्या चालू अशा चारच.

चार दिवस रोज फोन वीस टक्क्यांपर्यंत उतरू दिला, बँक पूर्ण भरून घेतली, आणि इंटरनेट बंद ठेवून घड्याळ लावून अर्धा तास एकेक वायर लावली. वहीतल्या नोंदी अशा:

ट्रिमरची वायर: २० वरून २७ टक्के.
यात्रेच्या बाजारातून घेतलेली दोन मीटरची रंगीत विणीची वायर: २० वरून ३८.
बँकेच्या डब्यातली वीतभर वायर (नातवाकडून परत आणलेली): २० वरून ५५.
फोनच्या डब्यातली, दोन्हीकडे सी-टाईप असलेली वायर: २० वरून ५६.

बँक एक, फोन एक, वेळ एक. फरक फक्त वायरचा. पहिल्या आणि तिसऱ्या वायरीत पाचपट फरक! दिसायला दोन्ही काळ्याच. उलट तिसरी दिसायला अगदीच किरकोळ, आणि दुसरी सगळ्यांत देखणी. हा काही प्रयोगशाळेतला प्रयोग नाही, पण माझ्या घराचा निर्णय घ्यायला पुरेसा आहे.

मग मुलाला फोनवर बसवून असं का होतं ते समजून घेतलं. त्यानं सांगितलं ते मी आपल्या भाषेत मांडते.

पहिली गोष्ट म्हणजे दाब आणि प्रवाह. दाब मोजतात व्होल्टमध्ये, प्रवाह अँपिअरमध्ये. दोन्हींचा गुणाकार म्हणजे वॅट. पाच व्होल्ट आणि दोन अँपिअर म्हणजे १० वॅट. नऊ व्होल्ट आणि दोन अँपिअर म्हणजे १८ वॅट. फास्ट चार्जिंग म्हणतात ते बहुतेक वेळा एवढंच असतं: पाचाच्या जागी नऊ किंवा त्याहून जास्त व्होल्ट द्यायचे, म्हणजे तेवढ्याच प्रवाहात जास्त वीज पोहोचते.

पण बँक आपल्या मनानं नऊ व्होल्ट सोडत नाही. तसं केलं तर साधा फोन जळून जाईल. आधी फोन आणि बँक यांच्यात बोलणं होतं. फोन सांगतो मला एवढं झेपतं, बँक सांगते माझ्याकडे एवढं आहे, आणि मग सौदा ठरतो. हे बोलणं वायरीतल्या वेगळ्या बारीक तारांमधून होतं. वीज वाहणाऱ्या दोन तारा वेगळ्या आणि बोलण्याच्या वेगळ्या. ट्रिमर, टॉर्च, कानातले हेडफोन यांच्यासोबत येणाऱ्या कितीतरी स्वस्त वायरींत बोलण्याच्या तारा घातलेल्याच नसतात, कारण त्या वस्तूंना गरज नसते. अशी वायर फोनला लावली की बोलणं होत नाही. समोर कोण आहे हे न कळल्यामुळे बरेच फोन सावधपणानं अगदी थोडी वीज घेतात, अर्धा अँपिअर वगैरे. म्हणजे अडीच वॅट. माझ्या त्या रात्रीचं उत्तर हे होतं. बँकेत वीज भरपूर, पण फोन घोटघोट पीत होता आणि माझ्या बोलण्यात त्याहून जास्त खर्च होत होता. आवक कमी, जावक जास्त, शिल्लक शून्य.

दुसरी गोष्ट तारेच्या जाडीची. ही तर आपल्या भागातल्या प्रत्येकीला कळेल. वावरात विहीर लांब असली आणि डीपीपासून बारीक केबल ओढली तर मोटर गुणगुणते, पण पाणी उचलत नाही. का? तर वाटेतच दाब पडतो. मोबाईलच्या वायरीतही तेच. तारेची जाडी गेजमध्ये सांगतात आणि हा आकडा उलटा असतो: २८ म्हणजे बारीक, २४ म्हणजे त्याहून जाड, २० म्हणजे आणखी जाड. एक मीटर लांबीच्या वायरीत २८ गेजचं तांबं असेल आणि दोन अँपिअर वाहत असतील, तर जाण्यायेण्यात मिळून साधारण पाऊण व्होल्टपेक्षा जास्त दाब पडतो. पाचातले सव्वाचार जेमतेम पोहोचतात. तीच वायर २४ गेजची असली तर नुकसान एक तृतीयांश व्होल्टच्या आसपास राहतं. लांबी दुप्पट केली की नुकसान दुप्पट. आणि स्वस्त मालात कधी कधी तांब्याऐवजी अॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली तार असते. तिच्यातून वीज तांब्यापेक्षा कमी वाहते. वरून रंगीत वीण घातली की आतलं काही दिसत नाही. माझ्या दोन मीटरच्या देखण्या वायरीचं असंच काहीतरी असावं.

तुम्ही म्हणाल, मग नऊ व्होल्टनं काय फायदा? तर हा की दाब जास्त असला की तेवढीच वीज कमी प्रवाहात नेता येते, आणि वाटेतलं नुकसान प्रवाहावर अवलंबून असतं. पारसच्या वीज केंद्रातून मोठमोठ्या मनोऱ्यांवरून जास्त दाबाची वीज निघते आणि गावाजवळ येऊन डीपीवर दाब उतरवतात, त्याचं कारण हेच. तेच तत्त्व आपल्या पिशवीतल्या वायरीत चालू असतं हे कळल्यावर मला मोठी गंमत वाटली.

तिसरी गोष्ट पिनची. दोन्हीकडे सी-टाईप असलेली नियमाप्रमाणे बनवलेली वायर किमान तीन अँपिअर नेऊ शकते. वीस व्होल्टला ६० वॅट. आपल्या साध्या फोनला एवढं पुरून उरतं. पाच अँपिअरची वायर हवी असेल तर तिच्या पिनमध्ये एक छोटी चिप असावी लागते, जी बँकेला आणि फोनला सांगते की मी एवढं पेलू शकते. चिप नसली तर यंत्रं तीन अँपिअरच्या वर जात नाहीत. लॅपटॉप आणि काही महागडे फोन यांनाच त्याची गरज. म्हणून दुकानदार २४० वॅटची वायर गळ्यात मारू लागला तर घ्यायची गरज नाही. १८ किंवा २५ वॅटच्या फोनला २४० वॅटची वायर लावून तो दहापट भरत नाही.

चौथी गोष्ट, काही कंपन्यांची स्वतःची वेगळी पद्धत असते. ओप्पो, वनप्लस, रिअलमी यांच्या फोनवर डब्यातला चार्जर आणि डब्यातलीच वायर लावली तर फोन वाऱ्याच्या वेगानं भरतो, पण साध्या पॉवर बँकेवर तो वेग मिळत नाही. तिथे वायर कितीही चांगली लावली तरी बँकच ती भाषा बोलत नाही. माझ्या नणंदबाईंनी याच कारणानं तीन वायरी बदलल्या आणि तिन्ही दुकानदारांशी भांडल्या. वायरला दोष द्यायचा तर तो तिचा आहे याची खात्री आधी करावी, हेही मी तितकंच ठासून सांगीन.

आता माझं मत सांगते, कारण नुसती माहिती द्यायला मी बसलेली नाही.

आपल्या घरांमध्ये अजूनही असं समजतात की वीज, वायर, मोबाईल हे पुरुषांचं आणि मुलांचं खातं. आपण बायका त्यात लक्ष घालत नाही आणि घालावं असं कोणाला वाटतही नाही. "आई, तू राहू दे, मी बघतो," हे वाक्य प्रत्येकीनं ऐकलं आहे. पण दवाखान्यात रात्री कोण असतं? बाळंतिणीजवळ, म्हाताऱ्यांजवळ, ताप आलेल्या नातवाजवळ कोण बसतं? आपणच. लाईन गेली आणि पावसात रात्रभर आली नाही तर फोन जिवंत ठेवायची गरज सगळ्यात जास्त कुणाला? शिखरजीला मधुबनहून मध्यरात्रीनंतर डोंगर चढायला सुरुवात करतो, सगळी वंदना मिळून सत्तावीस किलोमीटरची, तेव्हा बॅटरी म्हणून हातात कोणाच्या फोन असतो? ज्या वस्तूवर आपली वेळ येणार आहे, ती आपल्याला कळलीच पाहिजे. त्यासाठी इंजिनिअर व्हावं लागत नाही. भाजीतलं तेल किती, मीठ किती हे ज्या बारकाईनं बघतो, त्याच्या निम्म्या बारकाईनं हे समजतं.

दुसरं मत स्वस्ताईबद्दल. मी काटकसरी बाई आहे, हे माझ्या सुना सांगतील. पण माझ्या वहीत मागच्या तीन वर्षांच्या वायरींचा खर्च मिळाला. शंभर-सव्वाशेच्या पाच वायरी. पाचही आज निकामी. त्याच पैशांत एक चांगली वायर आली असती आणि आजही चालू असती. स्वस्त घेऊन बचत झाली असं आपल्याला वाटतं, पण ती बचत नसते, नुसता उशिरा आलेला खर्च असतो.

आणि इथे आपला अपरिग्रह आठवतो. माझ्या ड्रॉवरमधल्या चौदा वायरी म्हणजे परिग्रहच की! दहांचा काही उपयोग नाही, पण "असू दे, लागेल कधी" म्हणून ठेवलेल्या. आणि खरोखर लागली त्या रात्री त्या ढिगातली चुकीचीच हाताला आली. कमी वस्तू, पण पारखून घेतलेल्या आणि जपून वापरलेल्या, हे आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं आहे. मुनींच्या आदान-निक्षेपण समितीत वस्तू उचलताना आणि ठेवताना काळजी घ्यायची असते ती जीवांना इजा होऊ नये म्हणून. आपण गृहस्थ, आपली बरोबरी तिथे नाही. पण वायर ओढून न काढता पिन धरून काढावी, पिनजवळ घडी पडू देऊ नये, एवढं जपणं आपल्याला नक्की जमेल.

तिसरं मत बनवणाऱ्यांबद्दल आणि विकणाऱ्यांबद्दल. तेलाच्या पिशवीवर वजन छापतात, औषधाच्या पट्टीवर तारीख छापतात, बल्बवर वॅट छापतात. मग वायरवर तिची ताकद का छापू नये? सी-टाईपची प्रमाणपत्र घेतलेली जी वायर असते, तिच्यासाठी २०२१ मध्ये ६० वॅट आणि २४० वॅट अशी चिन्हं ठरवली गेली. पण आपल्या बाजारात टांगलेल्या वायरींवर ती क्वचित दिसतात. "फास्ट", "सुपर", "ओरिजिनल" एवढंच मोठ्या अक्षरांत. माझं म्हणणं आहे की दुकानात गेल्यावर आपण प्रत्येकीनं विचारावं, "भाऊ, ही किती अँपिअरची? यातून डेटा जातो का?" पहिल्यांदा तो हसेल. माझ्याकडे बघून एक जण हसलाही. पण दहा बायकांनी विचारलं की अकराव्या वेळी तो माल घेतानाच विचारून घेईल. बाजार गिऱ्हाइकानंच सुधारतो. युरोपात डिसेंबर २०२४ पासून नव्या फोनना सी-टाईप सक्तीचं झालं, त्यामागेही ड्रॉवरमध्ये साठणाऱ्या चार्जरांचा आणि वायरींचा कचरा हे एक मोठं कारण होतंच.

यावर काही जणी म्हणतील, एवढी घाई कशाला? हळू चार्ज झाला तर बॅटरीला चांगलंच. यात तथ्य आहे. उष्णता बॅटरीची वैरी, आणि फास्ट चार्जिंगमध्ये फोन जरा तापतो. घरी रात्री किंवा दुपारी निवांत वेळ असेल तेव्हा हळू चार्ज होऊ द्यावा, मीही तेच करते. पण पॉवर बँक आपण निवांतपणासाठी बाळगत नाही. ती अडचणीच्या वेळेसाठी असते, आणि अडचणीला अर्धा तासच असतो. शिवाय बारीक तारेतून जास्त प्रवाह ओढला की दाब पडतो तो कुठे जातो? तिथेच उष्णता होऊन वाया जातो. त्यात बॅटरीचं काही भलं नाही, बँकेची वीज मात्र जाते. तेव्हा हळू आणि वेगानं, दोन्ही आपल्या इच्छेनं करता यावं. वायर वाईट म्हणून नाइलाजानं हळू, याला मी संयम म्हणणार नाही.

बँकेच्या आकड्याबद्दलही एक सांगून ठेवते, कारण यावरूनही वायरला फुकट शिव्या बसतात. दहा हजार हा आकडा आतल्या सेलचा, ३.७ व्होल्टवरचा. म्हणजे ३७ वॅट-तास. पाच व्होल्टवर बाहेर काढताना तोच आकडा ७,४०० होतो, आणि रूपांतरात काही खर्च होऊन त्याहूनही कमी मिळतो. पाच हजारांचा फोन दोनदा भरेल असं आपल्याला वाटतं, प्रत्यक्षात दीड वेळा भरतो. ढोबळ नफा आणि निव्वळ नफा यातला फरक समजा. बँकेच्या पाठीवर बारीक अक्षरांत खरा आकडा "रेटेड कपॅसिटी" म्हणून छापलेला असतो, तो बघावा. विमानानं यात्रेला जाणाऱ्यांनी वॅट-तासाचा आकडा बघावा. शंभरपर्यंतची बँक चालते, आणि तीही हातातल्या पिशवीतच, सामानात टाकायची नाही.

आता मी घरात लावलेले नियम सांगते. तुम्हाला पटतील ते घ्या.

बँकेची वायर बँकेलाच रबरानं बांधलेली असते. ती कुणी गाडीत नेत नाही, अगदी लाडक्या नातवानंही. ट्रिमर, टॉर्चच्या वायरींना लाल दोरा बांधला आहे, म्हणजे त्या फोनला लावायच्या नाहीत.

नवी वायर आणली की आधी कॉम्प्युटरला लावून बघायची. फोनवर फायली पाठवण्याचा पर्याय आला तर बोलण्याच्या तारा आत आहेत. काहीच आलं नाही तर ती लाल दोऱ्यात जाते. मग बँकेला लावून फोनवर "फास्ट चार्जिंग" असं येतं का ते बघायचं. बऱ्याच फोनवर ते लिहून येतं.

प्रवासासाठी वायर आखूडच. हातभर पुरे. लांब वायर घरी, भिंतीजवळ.

वेग तपासायचा तर फोन वीस-तीस टक्क्यांवर असताना. ऐंशीच्या पुढे सगळेच फोन मुद्दाम सावकाश भरतात. मलकापूर-खामगावच्या मे महिन्याच्या उन्हात फोन तापलेला असेल तरी तो वेग कमी करतो. आणि बँकेला एकाच वेळी दोन फोन लावले तर ताकद वाटली जाते, तेव्हा निकडीच्या वेळी एकच लावावा.

पिन हाताला चटका बसेल इतकी तापली, सैल झाली किंवा वायरचं आवरण फाटलं, तर ती वायर त्याच दिवशी बाद. उशीखाली किंवा गादीवर चार्जिंग नाही. बँक घेताना पाठीवर बीआयएसचं चिन्ह आणि आर पासून सुरू होणारा नंबर बघायचा. तो नंबर बीआयएस केअर या अॅपवर टाकला की खरा की खोटा ते कळतं. बाद वायरी घंटागाडीत न टाकता ई-कचरा घेणाऱ्याकडे द्यायच्या. माझ्या दहा वायरी मी तशाच दिल्या.

आणि शेवटचा नियम, ज्याचा वायरशी काही संबंध नाही. पिशवीच्या आतल्या कप्प्यात एक कागद ठेवला आहे. त्यावर घरातल्या सहा जणांचे फोन नंबर, प्रत्येकाच्या चालू गोळ्यांची नावं आणि रक्तगट माझ्या हातानं लिहिलेले आहेत. वायर कितीही चांगली घेतली तरी यंत्र ते यंत्र. त्या मुलीनं वायर दिली नसती तर हा कागद मला उपयोगी पडला असता.

तिची वायर मी सकाळी परत केली आणि सोबत घरचे बेसनाचे लाडू दिले. ती हसून म्हणाली, "काकू, वायर राहू द्या, माझ्याजवळ दुसरी आहे." मी घेतली नाही. म्हटलं, तुझ्याजवळच राहू दे, अजून कोणा काकूला लागेल.

आज दुपारची भांडी झाली की तेवढा ड्रॉवर उघडून बघा. तुमच्याकडे किती निघाल्या ते मला कळवा.

जय जिनेंद्र.